सॅपचे चेकपॉइंट ग्रुप: आंब्याचा हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

मी रत्नागिरीत घरून काम करतो. क्लायंट आंब्याचा पल्प काढणारा कारखाना. एप्रिल-मेमध्ये काट्यावर गाड्यांची रांग लागली की आवकेच्या प्रोग्रॅममधली बारीकशी चूकही महागात जाते. प्रोग्रॅम सॅपवर, म्हणजे कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, त्याच्या एबॅप भाषेत लिहिलेला. चुका शोधायला गेल्या हंगामापासून एबॅपचे चेकपॉइंट ग्रुप, म्हणजे कोडमधल्या तपासणीच्या जागा एका नावाखाली चालू-बंद करायची सोय, नेमाने वापरतोय.

साधा ब्रेक-पॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवणारी ओळ, कोडमध्ये राहिला की भलत्याचीच स्क्रीन थांबते. इथे कोडमध्ये ‘ब्रेक-पॉइंट आयडी’ आणि ग्रुपचं नाव लिहून ठेवायचं. चालू-बंद बाहेरून, सॅपमधल्या एसएएबी या स्क्रीनवरून (ट्रान्झॅक्शन), एका युजरपुरतं किंवा अख्ख्या सर्व्हरसाठी. कोडला पुन्हा हात लावावा लागत नाही.

पण मला खरा उपयोग झाला तो लॉग-पॉइंटचा. तो प्रोग्रॅम न थांबवता आकडे टिपून ठेवतो. काही बागायतदारांच्या पावतीत क्रेटचं वजन दोनदा वजा होत होतं, तेही रोज नाही. लॉग-पॉइंट लावला, फील्ड्समध्ये भरलेलं वजन, क्रेटची संख्या आणि निव्वळ वजन घेतलं, नोंदी वेगवेगळ्या ठेवणाऱ्या सबकीला बागायतदाराचा क्रमांक दिला. सबकी द्याच! नाहीतर त्या ओळीची आधीची नोंद पुसून नवी बसते, फक्त किती वेळा नोंद झाली तो आकडा वाढत जातो. संध्याकाळी लॉग उघडला तर घोळ फक्त अर्धा माल उतरवून पुन्हा काट्यावर आलेल्या गाड्यांचा निघाला. मे अखेरीस वळीव आला की आमच्याकडे लाईट जाते, नेट जातं. डीबगर (प्रोग्रॅम थांबवून पायरी-पायरीने तपासायचं साधन) धरून बसलेल्याचं काम तिथेच तुटतं. लॉग सर्व्हरवर जमा होत राहतो. कोकणातून काम करणाऱ्याला याची किंमत कळेल.

आवक, बॅच आणि बिलाचे ग्रुप मी एका व्हेरियंटमध्ये बांधलेत. तो चालू केला की तिन्ही एकदम सुरू. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला एवढं एकच नाव सांगितलं आणि ती लगेच कामाला लागली.

बंधनंही आहेत. ग्रुप ट्रान्सपोर्टने एका सिस्टिमवरून पुढच्या सिस्टिमवर जातो, पण तो चालू आहे की बंद हे जात नाही. प्रत्येक सिस्टिमवर वेगळं करावं लागतं. बॅकग्राउंड जॉबमध्ये (स्क्रीनशिवाय आपोआप चालणाऱ्या कामात) ब्रेक-पॉइंट थांबत नाही, सिस्टिम लॉगमध्ये नुसती नोंद होते. असर्ट (अट तपासणारी ओळ) ‘अबॉर्ट’वर ठेवला तर अट मोडताच डंप पडतो, म्हणजे प्रोग्रॅम एरर देऊन बंद पडतो, म्हणून हंगामात तो ‘लॉग’वरच ठेवा. आणि सर्व्हरभर ‘ब्रेक’ चालू करण्याआधी काट्यावरच्या माणसाला फोन करा, त्याचीही स्क्रीन थांबू शकते.