पाच हजारात सायकल: डिस्कवाली नवी, साधी काळी की सेकंडहँड?

खिशात 5000, फार ओढूनताणून 5500, आणि रोज रिक्षाला पैसे द्यायला जीवावर येतंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. रिक्षाचे जाऊन येऊन 40 धरले तरी 25 दिवसांचे 1000 होतात, म्हणजे सायकल पाच-सहा महिन्यात वसूल, त्यात काही डोकं लावायची गरज नाही. फक्त गावाहून रोज 15-20 किमी यायचं असेल तर आधी एसटीचा पास बघा भो, मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, बायामाणसांना मार्च 2023 पासून तिकीट अर्धं आहे, आणि आपल्या जळगावात मे महिन्यात 44-45 डिग्रीत भुसावळ रोडने दुपारची सायकल मारणं म्हणजे काय ते आपल्याला माहितीय. पिंप्राळ्याहून एमआयडीसी, स्टेशनपासून कॉलेज, गावातून मळ्यात, एवढ्यासाठी सायकलच बरी.

आता पहिली, जी सगळ्यांच्या डोळ्यात भरते ती. ऑनलाइन दिसते, जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, कधी कधी 21 गिअर सुद्धा, आणि किंमत 5-6 हजाराच्या आसपास. विचार करा, एवढ्याच पैशात कंपनी एवढं सगळं देते तर कुठून काटते? चाकातून, छर्ऱ्यांमधून, पायडलमधून, जे फोटोत दिसत नाही तिथून. तो शॉकअप म्हणजे आत एक स्प्रिंग, चढावर उभं राहून पायडल मारलं की सगळा जोर तोच खातो आणि वर दीड-दोन किलो वजन फुकटचं. डिस्क पण वायरवाली, पत्रा जरा वाकला की दिवसभर खर्र खर्र घासत राहते. स्वस्तातले गिअर तर नकोच, सायकल एकदा उजव्या अंगाला पडली की मागचा गिअर वाकतो आणि चेन रोज उतरते. अजून एक, ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते, हँडल, पुढचं चाक, पायडल, ब्रेक आपल्यालाच बसवून घ्यावे लागतात, आणि मिस्त्री त्याचे दोन-तीनशे घेतो ते बजेटमध्ये कोणी धरत नाही. घरी जोडायची हौस असेल तर डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे ध्यानात ठेवा, जबरदस्तीने फिरवलं की क्रँकच, म्हणजे पायडल बसतं तो दांडाच, गेला.

एक गोष्ट तिची चांगली, बऱ्याच जणींच्या ट्यूबला मोटरसायकलसारखा वॉल असतो, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. हळू भरा मात्र, तिथला कॉम्प्रेसर ट्रकसाठी आहे.

दुसरी म्हणजे साधी काळी, दूधवाल्याची. हिरो, एव्हॉन, कुठलीही. पोरं लाजतात तिला, पण माझं मत विचाराल तर या बजेटमध्ये नवी घ्यायची असेल तर हीच, नाहीतर बिनागिअर बिनाशॉकअपची साधी सरळ हँडलवाली. कारण एकच, पार्ट. 28 चा टायर, कॉटर, छर्रे, चेन, फ्रीव्हील, सगळं वर्षानुवर्षं तेच, चोपड्याला मिळतं तेच शहाद्याला मिळतं, आणि बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसलेला मिस्त्री सुद्धा डोळे मिटून काम करतो. मागे 40 किलोचं पोतं टाका, कॅरिअर हूं की चूं करत नाही. वाईट गोष्ट पण सांगतो, सळईवाले ब्रेक पावसात जवळजवळ लागतच नाहीत, स्टीलची रिम ओली झाली की रबर नुसतं सरकतं, हायवेवर ट्रकच्या मागे जाताना हे लक्षात असू द्या. आणि जड तर ती आहेच.

दुकानात जाल तेव्हा एक विचारा. सायकलवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 चा 5 टक्के झालाय, म्हणजे कराआधी 5000 ची सायकल 5600 ला पडायची ती 5250 ला पडली पाहिजे. जुनं स्टिकर दाखवून जुनाच भाव लावत असेल तर बिल मागा, आवाज आपोआप खाली येतो.

तिसरी, सेकंडहँड. दीड-दोन हजारात चांगली मिळू शकते, आणि खरं सांगायचं तर पैसे अगदीच कमी असतील तर मी इकडेच आधी बघेन. अॅटलस मिळाली तर कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 ला बंद पडला म्हणून घाबरू नका, काळ्या सायकलीला दुसऱ्याचे पार्ट बसतात. बघायचं कसं, तर मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा, चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे नजर ठेवा, रिम लहरत असेल तर चाक आऊट आहे, पण ते सरळ करून मिळतं. क्रँक धरून आडवा हलवा, खडखड झाली तर छर्रे-कप गेले, तेही स्वस्तात होतं. पण चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा, आणि हँडलखालचा सांधा, तिथे रंगाला बारीक चीर दिसली की गप उठून घरी या. टायरच्या बाजूला उन्हाने भेगा पडलेल्या असतात आपल्याकडे हमखास, दोन्ही टायर-ट्यूब नवे धरूनच भाव करा. फ्रेमचा नंबर बघून मालकाकडून कागदावर लिहून घ्या, चोरीची निघाली तर कोण निस्तरणार.

कुठलीही घ्या, बाभळीचे काटे कोणालाच सोडत नाहीत. टायरच्या आतून जुन्या ट्यूबची पट्टी कापून टाकली की निम्मे पंक्चर वाचतात, वजन थोडं वाढतं, वाढू द्या. मळ्यात जायचं असेल तर पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही, मग काडी घेऊन कोरत बसा, त्यामुळे मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा बघून घ्या, नाहीतर चार महिने मडगार्ड काढूनच ठेवा. नवी घेतली असेल तर पंधरा-वीस दिवसांनी स्पोक ढिले पडतात, ते परत ताणून द्यायचं दुकानदाराकडून घेतानाच कबूल करून घ्या, पैसे दिल्यावर तो ओळख विसरतो.