सुरीला खाच नको म्हणालो, त्याला सात महिने झाले

परवा कोथिंबीर चिरली आणि ताटात माळ उतरली. काड्या अर्ध्याच कापलेल्या, एकमेकींना धरून बसलेल्या. ५,८०० रुपयांची हातघडणीची सुरी! (घरी हा आकडा १,८०० असाच माहीत आहे.) म्हणून हे लिहायला बसलो.

५१६० नावाच्या स्प्रिंगच्या पोलादाचं चार इंची पातं, फुल टँग (म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं), शिसवी मूठ, पितळी पिना, कातडी म्यान. जाणकारांना हे सगळं ठाऊक असतं, पुढे जातो.

मागणी दिली तेव्हा कारागिराने कागदावर काढलेला घाट पाठवला होता. पाठीची रेघ टोकापासून निघून अंगठ्याखालून थेट मुठीच्या शेवटापर्यंत एका दमात उतरत होती, मध्ये पायरी नाही. खाली पात्याचं पोट फुगतं आणि लगेच मुठीत बोटाचा खळगा, जणू एकच लाट. फक्त धार जिथे सुरू होते तिथे एक अर्धगोल खाच होती. उंदराने कुरतडल्यासारखी. मी म्हटलं, ही काढा. तो म्हणाला, "साहेब, धार लावताना त्रास होईल." मी म्हटलं, "होऊ दे, नजर अडकते तिथे." त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे पालुपद मी बरेच दिवस घरात लावलं.

पहिले चार महिने मात्र मी खूश होतो. टोक पाठीच्या रेषेखाली उतरलेलं आहे, ज्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. अमेरिकेत बॉब लव्हलेस या सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराने शिकारी सुऱ्यांत हा घाट लोकप्रिय केला. जनावर फाडताना टोक आतड्यात घुसू नये हा त्याचा उपयोग. मी आजोळी गुहागरला फणस फोडतो. फरक फारसा नाही, गऱ्याला भोक पडत नाही. पात्याला खोबरेल चोळलं की चीकही धरत नाही. पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले, पण सुरी म्यानातच ठेवून दिली होती. कातडं ओल धरतं. तो दोष माझा.

आता खाच. पात्याचा उतार संपून सपाट पोलाद सुरू होतं ती रेघ दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळली आहे, मी व्हर्नियर लावून पाहिली. (हो, मी तसा माणूस आहे.) पण खाच नसल्याने त्या कोपऱ्यात धारेचा दगड शिरत नाही. दर वेळी बाकी धार झिजते आणि मुठीलगतची तीन-चार मिलिमीटर जाडच राहते. सात महिन्यांत तिथे उंचवटा झाला. भाजी चिरायच्या फळीवर आधी तो टेकतो, पुढची धार अधांतरी राहते. कोथिंबिरीची माळ होते ती अशी.

कारागिराला फोन केला. "पाठवा, चारशे रुपयांत खाच पाडून देतो." कुरिअरवाला सुरी म्हटल्यावर पाकीट घेईना. दुसऱ्याने जाण्याचेच ३०० सांगितले. येण्याचे वेगळे! मग घरातली गोल कानस घेतली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. इतका चिडलेला असूनही बरं वाटलं, कारण पोलादाला पाणी चोख दिलंय, म्हणजे ते नीट कडक झालंय. शेवटी ३५० रुपयांची हिऱ्याची कानस आणली आणि गॅलरीत पाऊण तास घासत बसलो. म्हणजे फोनवरच्या भावापेक्षा ५० रुपये वाचले आणि कानस घरात राहिली.

कोथिंबीर आता सुटी पडते. खाच मात्र उजवीकडून जरा तिरकी झाली आहे, त्यामुळे सुरी भिंतीवर डावी बाजू पुढे करून लटकवतो.