एसी चालू होत नाही म्हणून फोन केला आणि साडेतेरा हजार गेले (साखळी, गोवा)

साखळीला माझ्या आईबाबांच्या घरी जे झालं ते सगळं नीट लिहून काढतेय, कारण मे महिना आला की गोव्यात घरोघरी एसी बंद पडतात आणि ही माणसं नेमकी तेव्हाच फिरत असतात, आणि ज्या घरात दोन म्हातारी माणसं एकटी आहेत तिथे त्यांचं काम फारच सोपं होतं. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, आईवडील गावात एकटे राहत असतील तर नक्कीच वाचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एसी अजिबात चालू होत नसेल, म्हणजे रिमोट दाबला तरी आवाज नाही, लाइट नाही, काहीच नाही, तर तो प्रॉब्लेम करंटचा, रिमोटचा नाहीतर आतल्या बोर्डाचा असतो, गॅसचा नाही. गॅस गेलेला एसी सुद्धा चालू होतो, लाइट लागतो, आतला पंखा फिरतो, फक्त हवा गार येत नाही. इन्व्हर्टर एसी असेल तर फार तर थोड्या वेळाने एरर कोड दाखवून थांबेल, पण डिस्प्लेवर काहीतरी येतंच ना. त्यामुळे पूर्ण बंद एसीसमोर उभं राहून, मीटर न लावता कोणी "गॅस गेलाय" म्हणाला तर तो खोटं बोलतोय. आमच्याकडे हेच झालं.

मे अखेरची गोष्ट आहे. संध्याकाळपासून गडगडत होतं, रात्री दोनतीनदा लाइट गेली आणि आली, आणि सकाळी बाबांच्या खोलीतला एसी चालूच होईना. बाबांना दम्याचा त्रास आहे, पावसाआधीच्या त्या दमट उकाड्यात त्यांना रात्रभर नीट झोप लागत नाही, म्हणून तो एसी आम्ही घेतला होता. मी पर्वरीला राहते, ऑफिसला निघाले होते. आईने मोबाइलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकलं, जो नंबर सगळ्यात वर आला त्यावर फोन लावला. समोरच्याने कंपनीचं नाव घेऊनच फोन उचलला, पत्ता घेतला, व्हिजिटचे ३५० होतील म्हणाला आणि तासाभरात माणसं पाठवतो म्हणाला. एसीचा सीरियल नंबर विचारला नाही, कधी घेतला ते विचारलं नाही, वॉरंटीचा तर विषयच नाही. खऱ्या कंपनीत सीरियल नंबर किंवा रजिस्टर केलेला मोबाइल नंबर विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि तक्रार नोंदवली की मेसेजवर तक्रार क्रमांक येतो. इथे कसलाच मेसेज आला नाही.

स्कूटरवर दोन पोरं आली, अंगात कंपनीच्या लोगोचे टीशर्ट. बोलायला गोड, आपल्याच भाषेत बोलत होते, आईला मावशी, बाबांना काका. आईने त्यांना चहा दिला. पाचदहा मिनिटं इकडे तिकडे बघितलं, स्टॅबिलायझर उघडून बंद केला, इनडोअरचं झाकण काढलं आणि सांगितलं की रात्रीच्या विजेने पीसीबी, म्हणजे एसीच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जळलाय आणि गॅसही लीक झालाय. आई म्हणाली गॅस कसा काय गेला, तर म्हणतो मावशी गोव्यात खारं वारं ना, कॉइल सडते. आता किनाऱ्यावर कळंगुट, कांदोळी, मोरजीला खाऱ्या हवेने कॉइल खराब होऊन लीक होतात हे खरं आहे, पण साखळी समुद्रापासून किती आत आहे! आणि एसीला तीन वर्षं पण झालेली नाहीत.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो पुढच्या वाक्याचा. बाबांना खोकताना बघून तो पोरगा आईला म्हणाला की मावशी, गॅस खोलीत पसरतोय, काकांच्या छातीला चांगलं नाही, आज नाही केलं तर रिस्क आहे. बस्स, आई घाबरली. मला फोन करायला गेली तर म्हणे पीसीबी एकच शिल्लक आहे, डिचोलीला दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, पटकन सांगा. घाईही लावायची आणि भीतीही घालायची, या दोनच गोष्टींवर यांचा धंदा चालतो. आजारी माणसाचं नाव घेऊन त्याच्या बायकोकडून पैसे काढायचे, याला माझ्याकडे शब्द नाहीत.

मग "गॅस भरला". आईने नंतर सगळं सांगितलं ते असं की छोटा सिलिंडर आणला, आउटडोअरला पाइप लावला, पाच मिनिटांत काढला. हे कसं करायचं असतं ते आता मला चांगलं कळलंय. गॅसचं सर्किट सीलबंद असतं, वापरून गॅस संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती शोधायची, ती बंद करायची, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, त्यालाच बराच वेळ जातो, आणि मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आउटडोअरच्या प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस सोडायचा, नवीन एसीत बहुतेक आर ३२ असतो. इथे गळती शोधली नाही, पंप नाही, काटा नाही, प्रेशर बघायचा गेज पण नाही. गेजच लावला नाही तर गॅस कमी आहे हे कळलं कुठून?

पीसीबी "बदलला" तेव्हा आईला म्हणाले शटडाउन करायचाय, मेन स्विचकडे उभ्या राहा, म्हणजे ती खोलीत नव्हतीच. जुना पीसीबी मागितला तर म्हणे कंपनीत जमा करावा लागतो. थोड्या वेळाने एसी चालू झाला, गार हवा आली, आणि बिल हातात आलं: व्हिजिट ३५०, पीसीबी ८,५००, गॅस ३,८००, सर्व्हिस चार्ज ८५०, एकूण १३,५००. यूपीआयने दिले, आणि ते गेले कोणा एका माणसाच्या नावावर, कंपनीच्या नाही. संध्याकाळी आईने बिलाचा फोटो पाठवला तेव्हाच मला शंका आली. त्यावर जीएसटी नंबर होता पण अक्षरं मोजली तर १३. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि गोव्याचा असेल तर ३० ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. हे एक मिनिटाचं काम आहे, पैसे द्यायच्या आधी कोणीही करू शकतं. मी वॉरंटी कार्डावरच्या खऱ्या नंबरवर फोन केला, त्यांच्याकडे आमच्या सीरियल नंबरवर कसलीच तक्रार नोंदलेली नव्हती. आणि कार्डावर स्पष्ट लिहिलंय, कॉम्प्रेसरला १० वर्षं आणि पीसीबीला ५ वर्षं वॉरंटी. म्हणजे पीसीबी खरोखर जळला असता तरी त्या पार्टचे पैसे द्यायचे नव्हतेच.

आठवडाभरातच एसी परत तसाच बंद, आणि यावेळी आईला जळका वास आला. त्या नंबरवर फोन लावला तर स्विच ऑफ. मी सुट्टी टाकून घरी गेले आणि आमच्या जुन्या वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी आधी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडतो तो बोर्डावरचा स्विच) पाडला, मग स्टॅबिलायझर भिंतीवरून खाली घेतला, आणि उघडल्यावर मला म्हणाले, "बाय, हांगा पळय" (बाई, इथे बघ). न्यूट्रलची वायर जिथे टर्मिनलमध्ये बसते तिथे ती जळून काळी पडलेली, प्लास्टिक वितळून स्क्रूला चिकटलेलं, आणि त्यावर नवीकोरी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. ती टेप आमची नव्हे, मामांची पण नव्हे. म्हणजे त्या पोरांना खरा दोष पहिल्या दहा मिनिटांतच सापडला होता! वायर दाबून बसवली, टेप मारली, एसी चालू झाला, आणि बाकीचं सगळं नाटक साडेतेरा हजारांसाठी.

मग मामांनी इनडोअरचं झाकण काढून पीसीबी दाखवला. बोर्डावर जिथे वायरींचे कनेक्टर बसतात तिथे कारखान्यातच पांढरा गम टाकलेला असतो, हलू नयेत म्हणून. तो गम प्रत्येक कनेक्टरवर अख्खा, वर तीन वर्षांची धूळ. बोर्ड काढला असता तर तो फुटलाच असता. आउटडोअरचा बोर्ड पण बघितला, त्या झाकणाच्या स्क्रूला हात लागल्याची खूण पण नाही. कुठलाच पीसीबी बदललेला नव्हता.

पैशापेक्षा मोठी गोष्ट मला ही वाटते. दीड टनाचा एसी चालताना सात-आठ अँपिअर करंट घेतो आणि तो सगळा त्या सैल, जळक्या, टेप मारलेल्या जोडावरून रात्रभर जात होता. सैल जोड तापतो, तापला की अजून सैल होतो. शेजारी पडदा, खाली बाबांचा पलंग. त्या पोरांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही, हे काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मामांनी जळका भाग कापून नवीन थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावली, टर्मिनल बदललं, सॉकेट पण तपासला, आणि घेतले तीनशे रुपये. एसी तेव्हापासून व्यवस्थित चालतोय, गारवा पहिल्यासारखाच, म्हणजे गॅस पण जिथल्या तिथेच होता.

आता, एसी चालू होत नसेल तर कोणालाही बोलवायच्या आधी घरच्या घरी काय बघायचं ते मामांनी मला समजावलं, तसंच सांगते. आधी एमसीबी बघा, कधीकधी तो अर्धवट पडलेला असतो आणि वर असल्यासारखाच दिसतो, पूर्ण खाली करून मग वर करा, पण लगेच परत पडला तर पुन्हा पुन्हा वर करू नका, कुठेतरी शॉर्ट आहे, वायरमन बोलवा. मग स्टॅबिलायझर, त्यावर व्होल्टेज दिसतंय का. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा तो मुद्दामच आउटपुट तोडतो, आणि लाइट परत आल्यावर पण तीनेक मिनिटं थांबूनच देतो, त्यामुळे घाईने एसी बिघडला म्हणू नका. त्याच सॉकेटला टेबल फॅन लावून बघा, फॅन फिरला नाही तर दोष एसीत नाहीच. जळका वास असेल, प्लग किंवा सॉकेट गरम किंवा पिवळा-काळा पडला असेल तर मात्र काही लावून बघू नका, एमसीबी पाडा आणि तसंच ठेवा.

रिमोटचं पण सोपं आहे. सेल बदला, आणि तरी शंका असेल तर रिमोटचं तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर, शक्यतो सेल्फीच्या, धरून बटण दाबा, स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड चमकला तर रिमोट सिग्नल देतोय. नाही चमकला तर इनडोअरचं पुढचं झाकण वर उचला, बहुतेक एसीत कडेला एक छोटं बटण असतं, ते दाबून एसी चालू झाला तर खर्च फक्त रिमोटचा. कधी टायमर पण लागलेला असतो. हे सगळं करून पण एसी निपचितच असेल तर मग आतला फ्यूज किंवा बोर्ड. आउटडोअर स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये लाइट बंद केल्यावर पण चार्ज राहतो.

बोर्ड खरोखर जळतातही, विजेने जळतात, पावसाळ्यात पाल किंवा मुंग्या आत जाऊन शॉर्ट होतात. प्रत्येक मेकॅनिक चोर असतो असं मी अजिबात म्हणत नाही, आमचे मामा पण त्याच लाइनीतले. पण जळलेला भाग बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसतो, फ्यूज काळा पडलेला असतो, पार्ट फुटलेला असतो, तो दाखवायला सांगा आणि जुना बोर्ड घरात ठेवून घ्या. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. वॉरंटीत कंपनी जुना पार्ट परत नेते, पण तेव्हा तुमच्याकडून त्याचे पैसे घेत नाही. पार्टचे पैसेही घ्यायचे आणि जुना पार्टही न्यायचा, हे चालवून घेऊ नका.

आणि कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधूच नका. जाहिरात कोणीही देऊ शकतं, नकाशावर दुकान कोणीही टाकू शकतं. नंबर एसीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो, वॉरंटी कार्डावर असतो. मी तो मोठ्या अक्षरात लिहून एसीच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलाय, खाली मामांचा आणि माझा. तुम्ही पण आईवडिलांच्या घरी जाल तेव्हा फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर सगळ्यांचे चिकटवून या.

तक्रारीचं सांगायचं तर, मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बिलाचा फोटो आणि तो मोबाइल नंबर दिला, बँकेलाही लेखी कळवलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथेही नोंद केली. पैसे अजून आलेले नाहीत. आपल्याशी असं झालं तर १९३० वर त्याच दिवशी फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातात. साखळी, डिचोली, वाळपई, होंडा भागात कोणाकडे दोन पोरं स्कूटरवरून येऊन असाच पीसीबी आणि गॅस करून गेली असतील तर बिल फाडू नका, स्टॅबिलायझर आणि प्लग आजच वायरमनला उघडून दाखवा, आणि रक्कम छोटी असली तरी तक्रार द्या.