डेबहेल्पर, काही महिन्यांच्या वापरानंतर: चुकीचा पर्याय दिला तरी गप्प

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात जुन्या मराठी मासिकांची पानं स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मजकूर काढायचं काम चालतं. मशीन लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं, जुनं, चार कोरचं. नवं घ्यायला पैसे नाहीत. आले तरी आधी पुस्तकांच्या बाइंडिंगला जातील. म्हणून टेसरॅक्टचं डेबियन लिनक्ससाठीचं पॅकेज आम्हीच बिल्ड करतो, म्हणजे मूळ कोडपासून तयार करतो. डीपीकेजी-बिल्डपॅकेज ही पॅकेज बनवणारी आज्ञा, त्यातली नेहमीची कामं आपोआप करणारं डेबहेल्पर, आणि कंपॅट 13, म्हणजे डेबहेल्परच्या वागणुकीची पातळी. बाकी ओळख वाचणाऱ्यांना असेलच.

चार पानं एकदम लावली की प्रत्येक टेसरॅक्ट ओपनएमपीचे (एकच काम अनेक कोरवर वाटून देणारी सोय) आपापले थ्रेड, म्हणजे समांतर धागे, काढतं आणि सगळे त्याच चार कोरवर तुटून पडतात. ते टाळायला रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) डीएच_ऑटो_कॉन्फिगर या डेबहेल्परच्या आज्ञेपुढे दोन डॅश देऊन '--विदाउट-ओपनएमपी' लिहिलेलं होतं. फाइल बाहेरच्या एकाने करून दिलेली. बिल्ड दर वेळी सुरळीत, लिंटियन या पॅकेज तपासणाऱ्या प्रोग्रॅमचीही तक्रार नाही. वेग मात्र तसाच. मशीन बदला, असा सल्ला तेवढा मिळत राहिला.

शेवटी 'टेसरॅक्ट --व्हर्जन' चालवून पाहिलं. समोर लिहिलेलं: फाउंड ओपनएमपी 201511. म्हणजे तो पर्याय कधी लागूच झाला नव्हता. खरा पर्याय '--डिसेबल-ओपनएमपी' आहे. बिल्डआधी पर्याय ठरवणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट 'विदाउट' किंवा 'एनेबल'ने सुरू होणारं काहीही न अडता घेते, पण एरवी अनोळखी पर्यायांची वॉर्निंग तरी देते. इथे डेबहेल्पर स्वतःच '--डिसेबल-ऑप्शन-चेकिंग' जोडतं आणि ती वॉर्निंगही बंद होते. वीज, वेळ, स्वयंसेवकांचे रविवार, सगळं या एका ओळीपायी गेलं. भयंकर राग आला.

बिल्डचा लॉग नीट वाचल्यावर तो थोडा निवळला. डेबहेल्पर सगळ्यांनाच '--डिसेबल-मेंटेनर-मोड', '--डिसेबल-डिपेंडन्सी-ट्रॅकिंग' वगैरे देतं, आणि हे पर्याय प्रत्येक कॉन्फिगरला माहीत नसतात. तपासणी चालू ठेवली तर कितीतरी पॅकेजांच्या लॉगमध्ये फुकटच्या वॉर्निंग येतील. कारण पटलं. तरी हाताने पर्याय देणाऱ्याला हे ठळकपणे सांगायलाच हवं, या मतावर मी ठाम आहे.

उपाय सोपा आहे. त्याच दोन डॅशपुढे '--एनेबल-ऑप्शन-चेकिंग' लिहा. नंतरचा पर्याय आधीच्यावर मात करतो, वॉर्निंग परत येते. पुढे '=फेटल' जोडू नका; डेबहेल्परचाच एखादा पर्याय अनोळखी निघाला तर बिल्ड तिथेच थांबेल.

थ्रेड एकावर रोखणारं ओएमपी_थ्रेड_लिमिट=1 हे सेटिंग लावूनही काम होतं, कबूल. पण ते प्रत्येकाच्या खात्यात लिहावं लागतं, आणि आमच्याकडे माणसं बदलत असतात.

बिल्डआधीची साफसफाई टाळणाऱ्या '-एनसी'ने वेळ वाचतो म्हणून तो मला प्रिय आहे. मात्र पर्याय बदलल्यावर तो वापरू नका. आधीच्या बिल्डची स्टँप फाइल (बिल्ड झाल्याची खूण) तशीच राहते, कॉन्फिगर पुन्हा चालतच नाही आणि जुनंच बिल्ड नव्या पॅकेजात जातं. '-यूएस -यूसी' सही टाळायला, डेब_बिल्ड_ऑप्शन्समध्ये 'नोचेक' चाचण्या टाळायला. दोन्ही बिनतक्रार चालतात.

आता चार पानं खरोखर एकदम निघतात, त्याच मशीनवर. डेबहेल्पर सोडणार नाही. पॅकेज वाचनालयातल्या इतर मशीनवर टाकण्याआधी व्हर्जनची ओळ बघितल्याशिवाय मी कोणाला ते देत नाही.