४०० ग्रेडची लायनर प्लेट: आठ महिन्यांनी किती उरली?

गोवंडीच्या आमच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटमध्ये खडी ज्या घसरगुंडीवरून खाली येते, त्या शूटला आतून अस्तर म्हणजे लायनर म्हणून आधी साधी १० मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट असायची. तीन महिने झाले की ठिगळं सुरू. एकदा बदलायची राहून गेली, तर चौथ्या महिन्यात खडी आरपार येऊन खाली बेल्टवर सांडली. आमच्याकडे येणारा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो एमएसला कानशीसारखा घासतो. गुढीपाडव्याच्या आठवड्यात ४०० ग्रेडची, म्हणजे झीज सोसणारी कडक प्लेट बसवली. आता दिवाळी उलटून गेली, म्हणून लिहितोय.

आधी फसलो ते सांगतो. पहिला लॉट मुंबईतल्या दारूखाना भागातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. दर बरा वाटला, टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्सही मिळाली. पण प्लेटवर हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीला कारखान्याने दिलेला क्रमांक) कुठेच नाही. ओळखीच्या एकाकडून पोर्टेबल हार्डनेस टेस्टर मागवला, तर काटा २१० च्या वर सरकेना. ४०० ग्रेड म्हणजे ब्रिनेल कडकपणा साधारण ४००. साधी एमएस १३०-१५० च्या आसपास असते. व्यापारी म्हणाला, "साहेब, सगळे हेच नेतात." असतील नेत. आम्ही माल परत केला, भाडं मात्र आमच्या अंगावर पडलं.

दुसऱ्या वेळी कळंबोलीहून प्लेट घेतली. सर्टिफिकेटवरचा आणि प्लेटवरचा हीट नंबर स्वतः जुळवून पाहिला, मगच गाडी भरू दिली. चार चौरस मीटर, १० मिमी, म्हणजे ३१४ किलो. दर एमएसच्या दुपटीहून थोडा जास्त.

खरी मेख पुढे आहे. या प्लेटचा कडकपणा कारखान्यात तापवून झटकन थंड करण्यातून येतो, त्यामुळे पुन्हा जास्त तापवली की तो उतरतो. साधारण २५० अंशांच्या वर नेऊ नका, असं सांगतात. बाकी तुकडे आम्ही प्लाझ्मावर, म्हणजे प्लेट कमी तापवणाऱ्या कटिंग मशीनवर, कापून आणले होते. एक कोपरा कमी पडला, तो मिस्त्रीने साइटवरच गॅसने कापला, आणि अरुंद पट्टी असल्यामुळे ती सगळीच लाल झाली. आज ती पट्टी शेजारच्या तुकड्यापेक्षा दीड मिमी जास्त झिजली आहे. दोन्हींवर पडणारी खडी तीच.

भोकांचंही तसंच. साइटवर साध्या ड्रिलने दोन भोकं पाडताना चार ड्रिल गेले. मग मुकाट्याने फॅब्रिकेटरकडे पाठवून कोबाल्ट ड्रिलने काउंटरसंक (बोल्टचं डोकं आत बसेल अशी) भोकं करून घेतली. बोल्टचं डोकं वर राहिलं तर आधी तेच उडतं, हे आधीच्या लायनरवर शिकलो होतो. शूटचा वाकवलेला तुकडा पहिल्यांदा फारच लहान त्रिज्येत वाकवला, बाहेरच्या बाजूला तडा गेला. आता आतली त्रिज्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवायला सांगतो. ब्रॅकेट लावायला ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड, तोही ओव्हनमध्ये वाळवलेला. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड वापरायचा मोह मिस्त्रीला फार होतो.

गंज? धरतो. ही काही स्टेनलेस नाही. पावसाळ्यात प्लांट दोन दिवस बंद होता तेव्हा लालसर थर आला, खडी सुरू झाल्यावर तासाभरात घासून गेला. ओली कच चिकटायची ती चिकटतेच.

मागच्या रविवारी अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजली. बाजूच्या तुकड्यांवर ८.३ मिमी, खडी थेट आपटते तिथे ४.८. ३ मिमीला बदलायचं धरलं तर या जागेचे अजून अडीच-तीन महिने आहेत. म्हणजे एमएसच्या साडेतीन पट आयुष्य. विक्रेता सांगत होता तसं पाच पट नाही, पण दुप्पट दराला साडेतीन पट परवडतं. शिवाय लायनर बदलायला जाणारा अख्खा दिवस वाचतो, तो वेगळाच.

पुढच्या वेळी आपटण्याच्या जागी ५०० ग्रेड, १२ मिमी. बाजूंना ४०० च. ५०० जास्त कडक, म्हणून आपटून तडकायची भीतीही जास्त; पण आमच्याकडे २० मिमीचीच खडी पडते, म्हणून हा धोका घेतोय. मोठे दगड आपटत असते तर मी विचार केला असता. ऑर्डर देताना एकच अट घातली: कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर ऑइल पेंटने लिहून द्यायचा. कळंबोलीवाला म्हणाला, त्याचे वेगळे पैसे पडतील. दिले.