सीएनटीएलएमसोबत आठ महिने: लॅपटॉप फिरतो, प्रॉक्सीचा पत्ता फिरत नाही

आमच्या कार्यालयात इंटरनेटसाठी प्रॉक्सी, म्हणजे आपल्या विनंत्या बाहेर नेणारा मध्यस्थ सर्व्हर, सक्तीची आहे, घरी तिचा मागमूस नाही. ब्राउझरसाठी नेटस्केपने १९९६ मध्येच पॅक फाइलची (कोणत्या पत्त्यासाठी कोणती प्रॉक्सी वापरायची हे सांगणाऱ्या फाइलची) सोय करून ठेवली. परंतु गिट, एनपीएम ही प्रोग्रामरांच्या साधनांची मंडळी त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला टर्मिनलकडून मिळणारी सेटिंग) किंवा आपापली कॉन्फिग फाइल वाचतात, आणि एकदा उघडलेल्या टर्मिनलमधले व्हेरिएबल नेटवर्क बदलले म्हणून बदलत नाही. घरी येऊन लॅपटॉप उघडावा, नवा कोड आणण्यासाठी 'गिट पुल' द्यावे आणि प्रॉक्सीचे नाव सापडत नसल्याची तक्रार वाचावी, हा माझा नित्यक्रम झाला होता.

गेले आठ महिने मी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर सीएनटीएलएम वापरत आहे. हा छोटा प्रोग्राम लॅपटॉपवरच प्रॉक्सी म्हणून चालतो. प्रत्येक सॉफ्टवेअरला १२७.०.०.१ हा (म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचाच) पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट एकदाच सांगायचा; पुढे कार्यालयाच्या प्रॉक्सीकडे मायक्रोसॉफ्टच्या एनटीएलएम पद्धतीने ओळख पटवणे हे त्याचे काम. घरासाठी मी दुसरी कॉन्फिग फाइल ठेवली असून तिच्यात 'नो-प्रॉक्सी'पुढे नुसती चांदणी (*) आहे, म्हणजे सर्व विनंत्या थेट बाहेर जातात.

यांपैकी कोणती फाइल लावायची, हे नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरची डिस्पॅचर स्क्रिप्ट (जोडणी बदलली की आपोआप चालणारी आज्ञावली) ठरवते. ही स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची नसेल, किंवा इतरांना तीत लिहिण्याची मुभा असेल, तर नेटवर्कमॅनेजर ती चालवतच नाही, आणि हे लॉग उघडेपर्यंत कळत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. सुरुवातीला मी वाय-फायच्या नावावरून निर्णय घेत असे, पण घरून व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये नेणारी सुरक्षित वाट) जोडले की नाव घरचे आणि वाट कार्यालयाची, असा घोळ होई. आता व्हीपीएन जोडल्या-तुटल्यावरही स्क्रिप्ट चालते आणि प्रॉक्सीच्या नावाचा पत्ता डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून) मिळतो का, एवढेच पाहते. अदलाबदलीच्या क्षणी चालू असलेले डाउनलोड मात्र तुटते. ते मी सोसतो.

खरा फटका पासवर्डने दिला. कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठसा, असतो. कार्यालयाच्या नियमानुसार मी पासवर्ड बदलला, हॅश बदलायचा राहिला, आणि सीएनटीएलएम जुन्याच ओळखीने दार ठोठावत राहिल्याने दहा मिनिटांत माझे खाते कुलूपबंद झाले. मदत कक्षातील गृहस्थांना "हे मीच केले" एवढे पटवून देताना पुरेवाट झाली. शिवाय एनटीएलएममध्ये हा हॅश चोराच्या हाती पासवर्डइतकाच कामाचा ठरतो. म्हणून ती फाइल रूटखेरीज कोणालाही वाचता येणार नाही, याची खातरजमा करावी.

डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, लॅपटॉप नव्हे. तिथे कंटेनर आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या ब्रिजचा पत्ता द्यावा लागतो आणि सीएनटीएलएमलाही त्या पत्त्यावर ऐकायला सांगावे लागते. बाकी सकाळी कार्यालयात उघडलेले टर्मिनल रात्री घरी तसेच चालते, आणि मला पाच पैकी चार गुण द्यायला तेवढे पुरेसे आहे.