दहावी सेमी-इंग्लिश आणि मोबाइलवरची पुस्तकं : आठ महिने वापरल्यावर

मुलगी यंदा दहावीत, सेमी-इंग्लिशला. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. जूनअखेर आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत घरात बरंच काही उतरवलं, त्यातलं निम्मं पुसूनही टाकलं. टिकलं त्याबद्दल लिहितो.

सगळ्यात जास्त कामी आलं ते बालभारतीचं पुस्तक, आणि तेही तिच्या माध्यमाचं नाही. त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्या माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मी घाईत विज्ञान भाग १ मराठीतलं उतरवून बसलो आणि बोलणी खाल्ली. दिवाळीच्या आधी 'हीट'चा धडा चालू होता. लेटंट हीटची व्याख्या पोरीला तोंडपाठ, पण बर्फ वितळेपर्यंत थर्मामीटर शून्यावरच का अडकतो, असं विचारलं की गप्प. मराठी पुस्तकात त्यालाच 'अप्रकट उष्मा' म्हटलंय. दोनदा वाचून म्हणाली, "म्हणजे उष्णता बर्फ वितळवण्यातच खर्च होऊन राहिली, म्हणून वर दिसत नाही?" तेव्हापासून इंग्रजी पुस्तक टेबलावर आणि मराठी मोबाइलवर. धडे तेच, क्रम तोच, त्यामुळे शोधाशोध नाही.

यात आजोबाही कामाला लागले, हे मनात नव्हतं. त्यांचं शिक्षण मराठीतून. 'रिफ्रॅक्शन'ला ते हात लावत नव्हते. मराठी धडा दाखवला तर म्हणाले, "अपवर्तन होय! मग तसं सांग ना बाप्पा." आणि पाण्याच्या ग्लासात पेन्सिल घालून बसले.

सरकारचं दीक्षा ॲपही ठेवलंय, पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी; कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ वगैरे उघडतात. आमचं भूमितीचं पुस्तक सीताबर्डीवरून घेतलेलं, जुनं. आधीच्या मालकाने एका कोडवर बॉलपेनने मिशा काढलेल्या, स्कॅन कसा होणार? मग लक्षात आलं की कोडखाली सहा अक्षरी संकेत छापलेला असतो, तो टाइप केला तरी चालतं. भौमितिक रचनांसाठी व्हिडिओ बरा पडतो. कंपासचं टोक नेमकं कुठे टेकवायचं, हे वाचून कळत नाही.

एक पैसे भरून घेतलेलं ॲपही होतं. नाव घेत नाही. घरी माणूस आला, गोड बोलला, आम्ही भरले. ॲनिमेशन झकास, पण अभ्यासक्रम दुसऱ्याच बोर्डाचा. आपल्याकडे गणिताचे दोन पेपर, ४०-४० गुणांचे, आणि रचना, प्रमेयाची सिद्धता वहीत उतरवावी लागते. तिथे नुसते पर्याय दाबायचे. ऑगस्टनंतर कोणी उघडलं नाही, पैसेही परत आले नाहीत.

शाळेच्या ॲपबद्दल काय सांगू! प्रात्यक्षिकाची जर्नल सोमवारी जमा करायची, ही सूचना रविवारी रात्री साडेनऊला. शेजारच्या काकूंच्या नातवाने आधीच सांगितलं होतं म्हणून वाचलो. त्यामुळे सूचनांसाठी मी अजूनही वर्गातल्या पोरांवरच अवलंबून आहे.

तक्रार एकच उरली, मोबाइल घरात एक आणि गिऱ्हाइकं तीन. परवा आजोबांनी 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्याची झेरॉक्स मागितली, मोठ्या अक्षरात. काढून आणली. आता पोरगी तीच पानं पळवते.